कोपऱ्यातला खांब

आयोनिक खांब कोपऱ्यात उभा करायचा असेल, तर त्याचा माथा वेगळा घडवावा लागतो. ही गोष्ट मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे. टोकियोतल्या एका मीटिंगमध्ये मी ती मोठ्या आवाजात सांगितली, तेव्हापासून ऑफिसातले लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. बोलू देत. मला अजून राग आहे आणि तो जावा अशी मला काही घाई नाही.

आधी माथ्याचं सांगते, नाहीतर मी एवढी कशावरून भडकले ते कळायचं नाही. ग्रीकांच्या खांबांचे मुख्य तीन प्रकार. डोरिक सगळ्यांत साधा. त्याला खाली बैठक नाही, थेट जोत्यावर उभा, वर थाळीसारखा एक गोल आणि त्यावर चौकोनी फळी, संपलं. कोरिंथियनच्या डोक्यावर पानांचा गुच्छ असतो. आपल्याकडे मंगल कार्यालयांच्या दारात सोनेरी रंग फासून जे उभे असतात, ते त्याचेच लांबचे, बिघडलेले नातेवाईक. या दोघांच्या मधला आयोनिक. त्याच्या डोक्यावर वळकटी ठेवल्यासारखी दिसते. समोरून पाहिलं की वळकटीची दोन टोकं दिसतात, गोल गोल आत गुंडाळत गेलेली, आणि बाजूने पाहिलं की तिची नुसती पाठ.

खांब एका ओळीत असले की काही प्रश्न नाही, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पण कोपऱ्यातला खांब दोन रस्त्यांवरून दिसतो. एका रस्त्याला तोंड दाखवावं तर दुसऱ्याला पाठ दिसते. ग्रीकांनी यावर तोड काढली. कोपऱ्यावरची गुंडाळी त्यांनी तिरकी बाहेर ओढली आणि दोन्ही बाजूंनी तोंडच दिसेल असा एक खास माथा घडवला. पुण्याला आम्हाला हे शिकवणारे सर फळ्यावर एका दमात ती तिरकी गुंडाळी काढायचे आणि हात झटकत म्हणायचे, "कोपरा ज्याला जमला त्याला खांब कळला. बाकीचे नुसते डेकोरेटर."

मी आर्किटेक्ट आहे. हे वाक्य मी जपानमध्ये इतक्यांदा म्हटलंय की आता ते मलाच खोटं वाटायला लागलंय. नवऱ्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याला एका बँकेच्या कामावर टोकियोला पाठवलं आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आले. पहिली काही वर्षं टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या घरात मुलीला वाढवण्यात आणि जपानी शिकण्यात गेली. मग एका लहानशा ऑफिसात नोकरी मिळाली. हे लोक हॉटेलं आणि लग्नाचे हॉल करतात. तिथे माझ्या वाट्याला काय आलं, तर शौचालयं. कुठली टाइल कुठे, हात वाळवायचं यंत्र कोणत्या उंचीवर, दार आत उघडणार की बाहेर. वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांच्या इमारतींची शौचालयं काढली आणि त्या इमारतींच्या माहितीत माझं नाव कधी आलं नाही. यायला पाहिजे असंही कोणाला वाटलं नाही.

मग एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या हातातलं काम कोणाला द्यायचं हा प्रश्न आला. एका उपनगरी स्टेशनाजवळ लग्नाचा हॉल होणार होता. इथे लग्न लावायला खास चर्चसारख्या इमारती बांधतात. त्यात लग्न करणारे बहुतेक ख्रिश्चन नसतात, पण पांढरा झगा, उंच छत आणि दाराशी ग्रीक खांब हवेतच. मला त्याचं हसू येत नाही. फेटा बांधून प्लास्टरच्या रोमन सिंहांमधून वरात नेणारे आपण, आपण कोणाला हसायचं?

आमच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे बुचो म्हणतात, तो त्यांचा हुद्दाच आहे. त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "पुढचा पोर्च तुम्ही कराल का? तुमच्या देशातही खांब असतात ना?"

असतात. छताखाली असतात. हे मी म्हटलं नाही. मी कंबरेत वाकून "कृपया मला करू द्या" म्हटलं, कारण मला तो पोर्च हवा होता. एक तरी गोष्ट अशी हवी होती की मुलीला रस्त्यात उभं करून सांगता येईल, हे तुझ्या आईने केलंय.

समोर चार खांब आणि दोन्ही बाजूंना मागे एकेक. आयोनिकच हवेत हे गिऱ्हाइकाने ठरवलं होतं. खांब म्हणजे आत लोखंड आणि बाहेर साच्यातून काढलेलं आवरण. चालेल. खोटं असलं तरी ते नीट खोटं असावं, एवढंच माझं म्हणणं. कोपऱ्यातले दोन खांब मी बाकीच्यांपेक्षा किंचित जाड धरले, कारण मागे मोकळं आकाश आलं की खांब बारीक दिसतो; ग्रीकांनाही हे ठाऊक होतं. आणि त्या दोघांसाठी कोपऱ्याचा वेगळा माथा काढला. तिरकी गुंडाळी पुन्हा पुन्हा काढली, रबराने कागदाचं सालटं निघेपर्यंत. कॉम्प्युटरवर नंतर घेतली. ती वळणं आधी हाताला सापडावी लागतात. स्टेशनातून बाहेर पडणारा माणूस पहिल्यांदा डावा कोपरा बघणार होता, आणि त्या कोपऱ्यात मी होते.

आराखडे गेले. मान्य झाले, असं मला वाटलं.

माथे साइटवर आले त्या दिवशी आम्ही सगळे तिथे गेलो. मी कोणाची वाट न बघता प्लास्टिक बाजूला केलं. सगळे माथे एकसारखे. मी सगळ्यांचं प्लास्टिक काढलं. कोपऱ्याचा माथा एकही नव्हता. सगळीकडे समोर दोन गुंडाळ्या आणि बाजूला पाठ. म्हणजे स्टेशनाकडून येणाऱ्याला बाजूचा मागचा खांब तोंड दाखवणार आणि त्याच्या शेजारी, सगळ्यांत पुढे, कोपऱ्यातला खांब पाठ करून उभा राहणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साइटवरच्या तात्पुरत्या खोलीत मीटिंग होती. टेबलाच्या एका बाजूला हॉलच्या मालकांकडचे दोघं, एका बाजूला कंत्राटदार, आणि आम्ही. बुचो शांतपणे एकेक मुद्दा वाचत होते. माथ्यांचा मुद्दा आला तेव्हा ते म्हणाले, "सामान वेळेवर आलेलं आहे," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मी म्हटलं, "थांबा. हे चूक आहे."

आमच्याकडे पुण्यात साइटवर भांडण झाल्याशिवाय काम सुरू झालं असं कोणी मानत नाही. कंत्राटदार ओरडतो, आपण ओरडतो, मालक दोघांवर ओरडतो, मग चहा येतो आणि भिंत पाडून परत बांधली जाते. मी त्याच तालमीत तयार झालेली. मी उभी राहिले, कागदावर दोन रेषांत माथा काढून दाखवला, कोपऱ्यात काय होणार ते सांगितलं. खांब अजून उभे व्हायचे आहेत, साचा करायला वेळ आहे, हेही सांगितलं. "हे कोणी बदललं? मला का विचारलं नाही? रेखाटन माझं आहे!" माझा आवाज चढला होता. जपानी भाषेत रागावण्याचे शब्द मला नीट येत नाहीत, म्हणून मी आवाजाने भरपाई करत होते.

सगळे टेबलाकडे बघत होते. माझ्या कागदाकडे नाही, टेबलाकडे. कोणी "नाही" म्हणालं असतं तर मी भांडले असते, पण कोणी नाहीसुद्धा म्हणेना.

मग बुचो उठले, मालकांच्या माणसांकडे वळले आणि खोल वाकून त्यांनी माफी मागितली. क्षणभर मला वाटलं, झालं, चूक कबूल केली. मग शब्द कानावर आले. माफी माझ्या वागण्याबद्दल होती.

परत येताना माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी माझ्यासोबत होती. माझ्याच वयाची, कामाला चोख, जेवणाच्या सुट्टीत मला बोलण्यातल्या चुका सांगणारी. स्टेशनाबाहेरच्या कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, तिने मला कॉफी आणून दिली.

"ते आधीच ठरलं होतं," ती म्हणाली. "जादा साचा नको, असं. बुचो सगळ्यांच्या टेबलाशी येऊन बोलून गेले होते."

"तुझ्याही?"

"हो."

"मग माझ्या का नाही आले?"

तिने कपाचं झाकण नीट दाबून बसवलं. "तुम्ही नाही म्हणाला असता."

"अर्थात म्हणाले असते!"

"मग सगळ्यांना थांबावं लागलं असतं," ती म्हणाली, अगदी सरळपणाने. वर तिने मला समजावलं की बोलायचं असतं ते मीटिंगच्या आधी, एकेकाशी, हळू आवाजात. त्याला नेमावाशी म्हणतात. मीटिंग असते ती आधीच झालेल्या होकाराला मान डोलवण्यासाठी. हे मला इतक्या वर्षांत कसं कळलं नाही, याचं तिला खरंच आश्चर्य वाटत होतं.

कळणार कुठून? शौचालयांसाठी कोणी कोणाच्या टेबलाशी जात नाही. मला तिचा राग आला. ती बदलासाठी हो म्हणाली होती आणि नंतर रोज माझ्या शेजारी बसून डबा खात होती. तो राग मी तिला बोलून दाखवला नाही. कॉफी तिने आणली होती.

घरी नवऱ्याला सांगायला लागले. त्याने लॅपटॉप अर्धा मिटून ऐकलं, हे त्याच्या मानाने पुष्कळ.

"अगं, पण प्रॉडक्शनमध्ये गेलं ना ते? मग सोड की. कोण बघतंय वर मान करून?"

"मी बघते!"

"तू सोडून. एन्ड यूझर बघतो का? नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात."

"अरे, तुझ्या कोडमध्ये कोणी तुला न विचारता हात घातला असता तर? नाचला असतास तू घरभर."

"रोज घालतात," तो म्हणाला. "बँकेत तेच चालतं. मी टिकिट क्लोज करतो."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, "आई, कोए!" कोए म्हणजे आवाज. या घराच्या भिंती पातळ आहेत, शेजारच्या बाईंचं शिंकणंही ऐकू येतं, आणि माझी मुलगी इथे वाढलेली. आईचा आवाज शेजारी जातो याची तिला लाज वाटते. मी आवाज खाली आणला. रागाने कुजबुजण्याइतकं हास्यास्पद काही नाही. नवऱ्याला हसू आलं, आणि मग मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

हॉल उभा राहिला. डावा कोपरा स्टेशनाकडे पाठ करून उभा राहिला. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, मी गेले नाही. फुनाबोरीतल्या आपल्या मंडळींपैकी एक जण मात्र तिकडे कोणाच्या तरी लग्नाला जाऊन आला आणि पुढच्या गेट-टुगेदरला मला गाठून म्हणाला, "वहिनी, ते पिलर्स तुमचे ना? सॉलिड रिच लुक आहे हो! या वर्षी गणपतीच्या मखराला तसलेच करूया. फक्त ते शिंगांसारखं काय ते वर, ते काढून फुलं लावू." मी पोह्याची बशी खाली ठेवली. त्याच्या बायकोने माझा चेहरा बघितला आणि त्याला पाणी आणायला पाठवलं. शहाणी बाई.

हे सगळं एक वेळ गिळलं असतं. माणसं हरतात, आराखडे बदलतात, दुसऱ्या दिवशी ट्रेन पकडून कामावर जावं लागतं. पण काही आठवड्यांनी ऑफिसच्या वेबसाइटवर त्या हॉलचं पान आलं. मोठा फोटो, नेमका डाव्या कोपऱ्यातून घेतलेला, आणि खाली: पोर्चचं डिझाइन, माझं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट, जपानी लिपीत आणि रोमन लिपीतही.

बुचोंनी मला बोलावून ते दाखवलं. त्यांना वाटलं मी खूश होईन. मला वाटतं, ती त्यांची भरपाई होती. इथे असं एकट्याचं नाव सहसा कोणाचंच देत नाहीत, मोठमोठ्यांचंही नाही. मी वाकून आभार मानले. काय करणार होते?

नवऱ्याने ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. पुण्याहून सासूबाईंनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले, माझ्या आईने डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं. तिथून ते कोणीतरी माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर नेलं. अभिनंदनांचा पाऊस पडला, त्यात पुण्यात सोसायट्यांच्या गेटांना कोरिंथियन लावून गब्बर झालेले वर्गमित्रही होते. आणि त्या सगळ्यात सरांचा मेसेज. सर रिटायर झालेत, सहसा काही लिहीत नाहीत. त्यांनी मला वेगळं लिहिलं होतं.

"खांब बघितले. कोपऱ्याचं काय झालं?"

मी ट्रेनमध्ये होते. उभ्या उभ्या मोठं उत्तर लिहिलं, साचा, मीटिंग, टेबलाकडे बघणारी माणसं, सगळं. पुसलं. मग एवढंच पाठवलं: "सर, मी वेगळा काढला होता. माझं ऐकलं नाही."

त्यांचं उत्तर लगेच आलं. "मग खाली नाव कसं?"

इतकी वर्षं नाव नाही म्हणून मी धुमसत होते, आणि आलं ते त्या कोपऱ्याखाली आलं. जे मी केलं नाही, जे होऊ नये म्हणून मी सगळ्यांसमोर तमाशा केला, ते आता जगात माझं काम म्हणून उभं होतं. मुलीला मी तो पोर्च दाखवला नव्हता. आता ती उद्या इंटरनेटवर स्वतःच बघणार होती आणि समजणार होती, आईने केला तो हा.

नाव काढायचं मी ठरवलं. आणि या वेळी मी त्यांच्या पद्धतीने गेले.

स्टेशनातल्या दुकानातून मिठाईचा बरा डबा घेतला. आधी शेजारच्या सहकारीकडे. मग बुचोंच्या हाताखालचे दोघं. मग वेबसाइट सांभाळणारा. एकेकाच्या टेबलाशी, खाली बसून, हळू आवाजात. कोपऱ्याचा शब्दही काढला नाही. म्हटलं, हे काम सगळ्यांचं आहे, एकटीचं नाव बरं दिसत नाही, ऑफिसचं नाव असावं असं वाटतं. खोटं बोलले. राग इतका होता की खोटं सहज जमलं.

आणि काय सांगू, माणसं विरघळली. ज्यांनी मीटिंगनंतर माझ्याकडे बघायचं टाळलं होतं, ते खुर्ची ओढून द्यायला लागले. एकाने माझी नम्रता किती दुर्मीळ आहे ते मलाच समजावून सांगितलं. सहकारी म्हणाली, "तुम्ही आता खूप छान बोलता." सगळ्यात शेवटी बुचोंकडे गेले. त्यांचे डोळे खरंच ओलसर झाले.

"तुम्ही आता आमच्यातल्याच झालात," ते म्हणाले.

सोमवारच्या मीटिंगला बुचोंनी मुद्दा वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी काही विचारलं नाही, कोणी टेबलाकडे बघितलं नाही, सगळे माझ्याकडे बघून हसत होते. या ऑफिसात मी मांडलेली आणि मंजूर झालेली ही पहिलीच गोष्ट. संध्याकाळपर्यंत माझं नाव त्या पानावरून गेलेलं होतं.

घरी आले तेव्हा नवरा भात लावत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जिंकलीस की! बघ, पद्धतीने गेलं की होतं. खांबाचंही असंच बोलली असतीस तर—"

मी बाथरूममध्ये गेले, दार लावलं, पंखा सुरू केला, नळ पूर्ण सोडला आणि ओरडले. मराठीत, पुण्याच्या साइटवरच्या मराठीत, कोपऱ्याचं, साच्याचं, टेबलाकडे बघणाऱ्यांचं, नम्रतेचं, शौचालयांचं नाव घेऊन ओरडले. वाकून मागितलेल्या त्या माफीचंही.

दारावर टकटक झाली. "आई," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "कोए! शेजारी ऐकू जातंय."

मी नळ बंद केला, पंखा बंद केला आणि दार उघडलं.

"जाऊ दे ऐकू," मी म्हटलं, आणि आवाज कमी केला नाही.